कॉलेजातल्या मुलामुलींना एचपीव्ही आणि त्याची लस ठाऊक आहे का?

रानजाई

मी जिल्ह्याच्या गावी एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. विषाणूंच्या प्रकरणात एचपीव्ही येतो, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचा विषाणू. वर्तुळाकार डीएनए, एल१ प्रथिनाचं कवच, दोनशेहून जास्त प्रकार आणि त्यात १६ व १८ हे सगळ्यांत घातक. मुलं हे व्यवस्थित पाठ करतात, पेपरात लिहून मार्कही घेतात. पण ‘याची लस आहे आणि ती तुमच्या वयाला चालते’ असं सांगितलं की वर्गातले चेहरे कोरे पडतात. ज्यांच्या अभ्यासक्रमात हा विषाणू आहे त्यांची ही स्थिती. कला आणि वाणिज्यच्या मुलांपर्यंत तर हे नावही पोचलेलं नसतं.

यंदा एनएसएसच्या मुलांना हाताशी धरून नाव न लिहिता चिठ्ठ्यांवर प्रश्न मागवले. समोर हात वर करून कोणी विचारत नाही, चिठ्ठीत मात्र मोकळेपणाने लिहितात. एका चिठ्ठीत होतं, ‘आईची पिशवी काढलीय, मलाही कॅन्सर होणार का?’ दुसरीत, ‘लग्नाआधी ही लस मागितली तर डॉक्टरांना काय वाटेल?’ एका मुलाने लिहिलं होतं, ‘हा बायकांचा आजार आहे, मग आम्हाला कशाला बसवलं?’ आणखी एका चिठ्ठीत, ‘पाळीत घेतली तर चालते का, पुढे मूल होताना अडचण येते का?’ आणि एकीने फक्त एवढंच लिहिलं होतं, ‘सहा हजार कुठून आणू?’

ही शेवटची चिठ्ठी माझ्या मनातून जात नाही. या मुलीला लस माहीत होती, तीन डोस माहीत होते, भावही माहीत होता. जनजागृतीची पोस्टरं लावून आपण तिच्यासाठी काहीच करत नाही.

भारतात दरवर्षी सव्वा लाखाहून जास्त बायकांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो आणि जवळजवळ ८० हजार बायका त्याने दगावतात. हा २०२२ चा अंदाज. स्तनाच्या कर्करोगाखालोखाल आपल्याकडच्या बायकांमध्ये हाच. यातल्या जवळपास प्रत्येक केसच्या मुळाशी एचपीव्ही असतो. हे सिद्ध करणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. विषाणू शिरल्यापासून कर्करोग होईपर्यंत साधारण १५ ते २० वर्षं जातात. म्हणजे आज माझ्यासमोर बाकावर बसलेल्या मुलीचा प्रश्न तिच्या चाळिशीत उभा राहणार, तेव्हा तिच्या पदरात शाळकरी मुलं असतील.

मला मुख्य म्हणायचंय ते हे. १८ ते २६ हा वयोगट कुणाच्याच यादीत नाही. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात केंद्राने लसीला प्रोत्साहन देण्याची घोषणा केली, ती ९ ते १४ वयाच्या मुलींसाठी. सरकारी दवाखान्यातली गर्भाशयमुखाची तपासणी सुरू होते तिशीनंतर. मधली मुलगी बालरोगतज्ज्ञांकडे जायची बंद झालेली असते आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे लग्न होईपर्यंत कोणी नेत नाही. लस मात्र २६ वर्षांपर्यंत देता येते. ही मुलंमुली दिवसातले सहा तास जिथे असतात ती जागा म्हणजे कॉलेज. मग हे काम कॉलेजचंच आहे, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या कॉलेजात, विद्यापीठात काय होतं? विद्यार्थी, पालक, डॉक्टर सगळ्यांनी लिहा.

शेवटचा_बाक

ताई, धाग्याबद्दल मनापासून आभार. मी पुण्यात हॉस्टेलवर राहते, एमए करतेय. मला लसीबद्दल कॉलेजातून नाही, रूममेटकडून कळलं. तिची मोठी बहीण नर्स आहे.

आम्ही दोघी एका दवाखान्यात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी सगळ्या पेशंटसमोर मोठ्याने विचारलं, ‘लग्न झालंय का?’ नाही म्हटल्यावर, ‘मग ही कशाला हवी?’ बाकावरच्या एक काकू वळून बघायला लागल्या. रूममेट म्हणाली, चल, जाऊ दे. आम्ही जवळजवळ परत फिरलोच होतो. आत डॉक्टर मॅडम फार चांगल्या होत्या, सगळं नीट समजावलं, ‘उलट लग्नाआधीच घ्यायची असते’ असंही म्हणाल्या. पण मॅडमपर्यंत पोचायला आधी काउंटर ओलांडावा लागतो ना.

दंडात इंजेक्शन, थोडं ठणकलं, दुसऱ्या दिवशी बरं. घरी अजून सांगितलेलं नाही. आई समजून घेईल, पण ती बाबांना सांगेल आणि बाबा विचारतील, ‘अचानक हे कुठून काढलं?’ या प्रश्नाचं उत्तर मला नीट देता येत नाही. कुणी सांगाल का, घरी हे कसं बोलावं?

निशिगंध

तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. आधी @शेवटचा_बाक, तुझं कौतुक. परत फिरली नाहीस हे फार चांगलं केलंस. घरी सांगताना ‘कॅन्सरची लस’ एवढंच म्हण. आहेच ती तशी. कावीळ ब ची लस यकृताच्या कर्करोगापासून वाचवते, ती घेताना कोणी चारित्र्याचा विषय काढत नाही. हीसुद्धा त्याच रांगेतली.

आता रानजाईंच्या चिठ्ठ्या.

आईची पिशवी काढली म्हणून मुलीला हा कर्करोग होत नाही. आपल्याकडे पिशवी बहुतेक वेळा गाठींमुळे किंवा अंगावरून फार जातं म्हणून काढतात. खेदाने लिहावं लागतं, पण कित्येकदा तेवढंही कारण नसतं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण विधिमंडळात गाजलं, सरकारला समिती नेमावी लागली. ‘पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल’ अशी भीती घालून ऑपरेशनं झाल्याचं त्यातल्या अनेक बायकांनी सांगितलं होतं. म्हणून मी हात जोडून सांगते, या कर्करोगाबद्दल मुलींना खरी माहिती मिळणं ही लसीइतकीच गरजेची गोष्ट आहे. ज्या बाईला तो कशाने होतो हे माहीत आहे, तिला असं घाबरवता येत नाही.

लागण कशी होते? जननेंद्रियांच्या त्वचेचा त्वचेशी संपर्क आला की होते. कंडोमने धोका कमी होतो, पण पूर्ण जात नाही, कारण आजूबाजूची त्वचा उघडीच राहते. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी हा विषाणू गाठतोच. एकच जोडीदार असला तरी. त्यामुळे एचपीव्ही निघाला म्हणून कोणाच्या वागण्याबद्दल बोट दाखवू नये. दहातल्या नऊ जणांच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत आपोआप निघून जातो. ज्यांच्यात घातक प्रकार ठाण मांडून बसतो, त्यांच्यात वर्षानुवर्षं पेशी बदलत जातात. तंबाखू आणि एचआयव्ही हे त्याला आणखी मदत करतात.

संबंध आधी आले असतील तर लसीचा उपयोग नाही, हा समज मुलींना दवाखान्यापासून लांब ठेवतो. उपयोग आहे. शरीरात आधीच शिरलेला विषाणू लस काढून टाकत नाही, पण लसीतल्या सगळ्याच प्रकारांची लागण आधी होऊन गेली असण्याची शक्यता कमी असते. स्वीडनमध्ये सुमारे १६ लाख ७० हजार मुली आणि तरुणींच्या नोंदी तपासल्या, २०२० मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वयाची १७ वर्षं पूर्ण होण्याआधी लस घेतलेल्यांत गर्भाशयमुखाचा कर्करोग ८८ टक्क्यांनी कमी आढळला, १७ ते ३० या वयात घेतलेल्यांत ५३ टक्क्यांनी. आता या दुसऱ्या आकड्याकडे कॉलेजवाल्यांनी बघावं. लवकर घेणं कधीही जास्त चांगलं, पण उशीर झाला म्हणून निम्म्याहून अधिक संरक्षण कोणी सोडून देतं का?

लसीत जिवंत विषाणू नाही, मेलेलाही नाही. त्याच्या कवचाचं प्रथिन प्रयोगशाळेत तयार करून पोकळ गोळे बनवलेले असतात, आत डीएनएच नसतो. त्यामुळे लसीने एचपीव्ही होणं शक्य नाही. पाळीत घेतली तरी चालते. मूल होण्यात अडचण येत असल्याचा पुरावा नाही. गरोदरपणात देत नाहीत, अंगावर पाजणाऱ्या आईला चालते. इंजेक्शन दंडावर. आतली तपासणी करत नाहीत, आधी कुठली टेस्टही लागत नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण तपासणीच्या भीतीने कित्येक मुली येतच नाहीत. घेतल्यावर पंधरा मिनिटं मात्र बसून राहायचं. या वयात इंजेक्शननंतर चक्कर येऊन पडणं होतं. त्यात लसीचा दोष कमी, उपाशीपोटी आणि घाबरून आल्याचा जास्त.

किती डोस? आपल्याकडच्या परवान्यानुसार ९ ते १४ ला दोन, १५ ते २६ ला तीन. पहिला, मग दोन महिन्यांनी, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये वीस वर्षांपर्यंत एक किंवा दोन आणि एकविशीच्या पुढे दोन डोस पुरेसे धरले. प्रतिकारशक्ती कमी असेल तर शक्यतो तीनच. आपापल्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. पण पैसे तीन डोसांचे नाहीत म्हणून एकही घ्यायचा नाही, असं कृपा करून करू नका.

अर्धविराम

इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ‘आम्हाला कशाला बसवलं’ ही चिठ्ठी माझ्याही वर्गातून आली असती. खरं तर हे सेशन आमच्याकडे झालं तेव्हा मुलांना बाहेर पाठवलं आणि फक्त मुलींसाठी घेतलं. आम्ही कँटीनमध्ये बसून अंदाज बांधत होतो की आत काय चाललंय. मुलांना विचारायचंच नाही असं ठरवलंय का? आम्ही घ्यावी का ही लस? माझ्या माहितीत एकाही मुलाने घेतलेली नाही.

निशिगंध

@अर्धविराम, फार चांगलं केलंस विचारून. घ्यावी. हा विषाणू पुरुषांतही राहतो, घशाचा, गुदद्वाराचा, शिश्नाचा कर्करोग करतो. ६ आणि ११ या प्रकारांमुळे गुप्तांगावर चामखीळ येते, त्यातली सुमारे ९० टक्के याच दोघांची. लाजेपोटी मुलं ती महिनोन् महिने लपवतात आणि नेटवरून मलमं मागवून कातडी जाळून घेतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही भारतीय लस चार प्रकारांपासून वाचवते, म्हणजे ६, ११, १६, १८. ती मुलींबरोबर मुलग्यांसाठीही मंजूर आहे, वय ९ ते २६. ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये शाळेतल्या मुलींपासून सुरुवात केली आणि २०१३ पासून मुलग्यांनाही द्यायला लागले. ब्रिटनने २०१९ पासून. पैसे एकाच मुलाचे असतील आणि घरात बहीणभाऊ दोघं असतील, तर आधी बहिणीला द्या, असं मी सांगते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा बोजा फार मोठा आहे म्हणून.

मुलांना वर्गाबाहेर काढणं मला अजिबात पटत नाही. उद्या तोच मुलगा नवरा होणार, बाप होणार. बायकोला तपासणीला नेऊ का नको, हे आपल्याकडे अजूनही तोच ठरवतो.

साधा_माणूस

दोन मुलींचा बाप आहे. थोरली बीएस्सीला, धाकटी दहावीला. मी लसविरोधी नाही, दोघींना लहानपणीच्या सगळ्या लसी वेळेवर दिल्या आहेत. पण या लसीचा आपल्या देशातला इतिहास कोणी सांगत नाही.

२००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात एका परदेशी संस्थेच्या प्रकल्पात हजारो मुलींना ही लस टोचली. त्यात आदिवासी मुलींची संख्या मोठी होती. सात मुलींचे मृत्यू झाले. वसतिगृहात राहणाऱ्या मुलींच्या संमतीपत्रावर आईबापांऐवजी वॉर्डननी सह्या केल्या होत्या. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात या प्रकल्पावर कडक ताशेरे ओढले. हे सगळं मी वाचलेलं आहे. आता तुम्ही म्हणता कॉलेजात शिबिर घ्या. म्हणजे पुन्हा वसतिगृह, पुन्हा रांग, पुन्हा कोणाच्या तरी सह्या. मला भीती वाटते आणि ती वाटण्यात काही चूक आहे असं मला वाटत नाही.

बार्शीकर

दादा, तुमची भीती रास्त आहे. पण गोष्ट तिथे संपत नाही, आणि पुढची गोष्ट माझ्या गावची आहे म्हणून सविस्तर लिहितो.

त्या मृत्यूंची चौकशी झाली. साप चावणं, बुडणं, विषप्राशन, मलेरियासारखा ताप अशी कारणं निघाली, लसीशी संबंध आढळला नाही. संमतीत गंभीर दोष होते, ते मात्र चौकशी समितीनेही मान्य केले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

त्याच वेळी, २००९ मध्ये, भारतात एक वेगळा अभ्यास चालू होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा. देशभरात नऊ केंद्रं होती, त्यात एक पुणं आणि एक आमच्या बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल. १० ते १८ वयाच्या मुलींना दोन डोस पुरतात की तीनच लागतात, हे बघायचं होतं. एप्रिल २०१० मध्ये खम्ममचा गदारोळ झाला आणि सरकारने देशातल्या सगळ्याच अभ्यासांतलं लसीकरण थांबवलं. तोवर १७,७२९ मुलींना लस मिळाली होती. काहींचे सगळे डोस झाले, काहींचे अर्धवट राहिले आणि ४,९४९ मुलींना एकच डोस मिळाला.

अभ्यास बुडाला असंच वाटलं असेल. पण या लोकांनी त्या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. मुलींची लग्नं झाली, सासरची गावं बदलली, मुलं झाली, तरी घरोघर जाऊन नमुने घेत राहिले. २०२१ मध्ये दहा वर्षांचे निष्कर्ष आले. १६ आणि १८ या प्रकारांची टिकून राहणारी लागण रोखण्यात एका डोसची परिणामकारकता ९५.४ टक्के, दोनची ९३.१, तीनची ९३.३. म्हणजे व्यवहारात एक डोस तीन डोसांच्या तोडीचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एका डोसला मान्यता दिली, त्यामागच्या पुराव्यात केनियातल्या अभ्यासाबरोबर हा आपला अभ्यास आहे. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाने २०२३ पासून शाळेतल्या मुलांना एकच डोस द्यायला सुरुवात केली. यात सोलापूर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतल्या मुलींचा वाटा आहे, आणि इथल्या कॉलेजच्या मुलींना त्याचा पत्ता नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात त्याआधी आणखी एक मोठं काम झालं. १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, ५२ गावसमूह. काहींची एचपीव्ही चाचणी केली, काहींची पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात ती), काहींची ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी तपासणी, आणि एका गटाला नेहमीच्या सोयींवर ठेवलं. आठ वर्षांत एचपीव्ही चाचणीच्या गटात या कर्करोगाने ३४ बायका गेल्या, ज्यांची तपासणी झाली नाही त्या गटात ६४. आयुष्यात एकदाच चाचणी केली तरी मृत्यू जवळपास निम्मे. तपासणी न केलेला गट ठेवणं योग्य होतं का, यावर टीका झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या बायकांनी दिलेल्या माहितीवर आज जग चालतंय.

साधा_माणूस

बार्शीकर, एवढं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. आभारी आहे. पण माझा संमतीचा मुद्दा तसाच उभा आहे.

रानजाई

तो उभाच राहायला हवा. मी कॉलेजात शिबिर म्हणते तेव्हा माझ्या डोक्यात काय आहे ते सांगते.

कॉलेजातली मुलगी अठरा पूर्ण झाली की कायद्याने सज्ञान असते. सही तिची. प्राचार्यांची नाही, रेक्टरांची नाही, माझीही नाही. अकरावी-बारावीच्या मुलींना पालकांच्या लेखी संमतीशिवाय हात लावायचा नाही. माहिती एका दिवशी द्यायची आणि लस त्या दिवशी अजिबात द्यायची नाही. मध्ये किमान आठवडाभर जाऊ द्यायचा, म्हणजे घरी बोलता येतं, आपल्या डॉक्टरांना विचारता येतं, नको म्हणता येतं. ‘वर्गातल्या सगळ्यांनी घेतली’ अशी यादी फलकावर लावायची नाही. एनएसएसचे तास, हजेरी, गुण यांचा लसीशी काहीही संबंध ठेवायचा नाही. शेवटची अट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. आपल्याकडे शिबिराला गर्दी जमवण्याचा तोच सोपा मार्ग असतो.

उगवतीचा_देश

जपानमधल्या विद्यापीठात पीएचडी करते. इथे जे झालं ते साधा_माणूस यांच्या प्रश्नाला धरून आहे म्हणून लिहिते.

एप्रिल २०१३ मध्ये जपानने ही लस नियमित लसीकरणात घेतली. त्याच सुमारास काही मुलींना असह्य वेदना, झटके येत असल्याची दृश्यं टीव्हीवर सतत दिसायला लागली आणि जूनमध्ये सरकारने लसीची शिफारस करणं थांबवलं. लसीवर बंदी नव्हती, फुकटही होती, फक्त घरी पत्र येणं बंद झालं. सुमारे ७० टक्के मुली घेत होत्या, ते प्रमाण एक टक्क्याच्याही खाली गेलं. पुढे अभ्यासांत त्या लक्षणांचा लसीशी संबंध दिसला नाही, तरी शिफारस पुन्हा सुरू व्हायला एप्रिल २०२२ उजाडलं. मधल्या नऊ वर्षांत वयात आलेल्या मुली म्हणजे आत्ताच्या माझ्या बरोबरीच्या विद्यार्थिनी. १९९७ नंतर जन्मलेल्या या मुलींसाठी सरकारने मग काही वर्षं मोफत लसीची खास सोय केली.

माझ्या लॅबमधली एक मुलगी त्यातलीच. तिचं म्हणणं होतं, ‘आईने तेव्हा टीव्ही बघून नको म्हटलं, आता मी तेवीसची आहे, आता मलाच ठरवायचंय.’ ती घेऊन आली. विद्यापीठातल्या आरोग्य केंद्रात या विषयाचं पत्रक ठेवलेलं असतं, कोणी विचारलं तर शांतपणे खोलीत बसवून बोलतात. काउंटरवर लग्नाचं विचारत नाहीत.

गोदातीर

सगळं पटतंय, पण सहा हजारांच्या चिठ्ठीवर कोणी बोललं नाही.

माझी मुलगी नाशिकला शिकते, मी अंगणवाडी सेविका आहे. भारतीय लस २०२३ च्या जानेवारीत बाजारात आली, तिचा डोस दोन हजारांच्या आसपास. नऊ प्रकारांची परदेशी लस दहा हजारांच्या घरात, तिचं नावही काढू शकत नाही. दोन हजार म्हणजे आमच्याकडे महिन्याचा किराणा. मुलीची मेस, बसचा पास, परीक्षा फी यातून लस कुठे बसवायची? तरी पहिला डोस भिशीच्या पैशातून दिला. दुसऱ्याचं बघू.

आणि दुसरं. मुलींचं बोलताना आयांना विसरू नका. माझ्या अंगणवाडीत येणाऱ्या बायकांना ‘अंगावरून पांढरं जातं’ हे सांगायलाही लाज वाटते, संबंधानंतर रक्त जातं हे तर कोणीच सांगत नाही. उपकेंद्रात तपासणी फुकट होते हे कितीजणींना माहीत आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी दोघींनीही कधी ही तपासणी केलेली नव्हती. मी स्वतः गेल्या वर्षी केली, मुलीच्या हट्टामुळे. पाच मिनिटांत होते. व्हिनेगरसारखं औषध लावून बघतात, दुखत नाही.

निशिगंध

@गोदातीर, तुमचं लिहिणं इथल्या सगळ्यांनी वाचावं. दुसऱ्या डोसला दोन महिन्यांपेक्षा उशीर झाला तरी चालतो, पहिला वाया जात नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. पैसे जमतील तेव्हा द्या आणि विसाव्या वर्षाच्या आत असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने एक डोसही पुरेसा धरतात, हे मनाशी असू द्या.

लस घेतलेल्या मुलींनीही पुढे तिशीनंतर तपासणी करायचीच आहे. १६ आणि १८ मिळून जगभरात सुमारे ७० टक्के केसेस होतात, भारतात प्रमाण त्याहून काहीसं जास्त. उरलेले प्रकार राहतातच.

कृष्णाकाठ

मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. अडचण सांगते ती साधी आहे, पण त्यात सगळं फसतं. आमच्याकडे एका सामाजिक मंडळाने अर्ध्या किमतीत शिबिर घेतलं होतं. पहिल्या डोसला मुली उत्साहाने आल्या, दुसऱ्याला निम्म्या, तिसऱ्याला अगदी थोड्या. कारण शिबिर डिसेंबरात सुरू केलं. दुसरा डोस फेब्रुवारीत, तोवर प्रॅक्टिकल्स आली. तिसरा जूनमध्ये, तेव्हा मुली गावी, आणि शेवटच्या वर्षाच्या तर कायमच्या गेलेल्या.

पहिला डोस ऑगस्टमध्ये ठेवा. प्रवेश झालेले असतात, मुली राहायला आलेल्या असतात. दुसरा ऑक्टोबरात, दिवाळीच्या सुट्टीआधी. तिसरा फेब्रुवारीत, परीक्षांच्या बराच आधी. तिन्ही डोस एकाच शैक्षणिक वर्षात बसतात. आणि दर वेळी मुलीच्या हातात तारखा लिहिलेलं कार्ड द्या, मोबाइलवर फोटो काढून ठेवायला सांगा.

रानजाई

कृष्णाकाठ, हे वेळापत्रक मी जसंच्या तसं उचलते. प्राचार्यांशी बोलणं झालंय. माजी विद्यार्थी संघ आणि गावातलं एक मंडळ मिळून गरजू मुलींच्या खर्चाचा काही भाग उचलायला तयार आहेत. मुलामुलींना एकत्र बसवून माहिती देणार. पालकांसाठी पत्रक लिहायला घेतलंय, त्यातला मुख्य भाग इथे टाकते. खटकेल ते सांगा.

‘ही लस घेतल्यावर तुमच्या मुलीला गर्भाशयमुखाचा कर्करोग होणार नाही. लस घ्यायची की नाही, हे पूर्णपणे ऐच्छिक आहे. न घेतल्यास कोणतीही विचारणा होणार नाही. गरोदर असल्यास किंवा पूर्वी एखाद्या लसीची तीव्र ॲलर्जी आली असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. लस घेतल्यानंतर पंधरा मिनिटे बसून राहावे. तिशीनंतर नियमित तपासणी आवश्यक.’

निशिगंध

पहिलं वाक्य बदला. ‘होणार नाही’ असं लिहू नका, ‘होण्याचा धोका खूप कमी होतो’ लिहा. उद्या एखादीला झाला तर सगळ्या शिबिरावरचा विश्वास उडेल. आणि ‘तुमच्या मुलीला’ ऐवजी ‘तुमच्या मुला-मुलीला’ करा, सोबत घशाच्या कर्करोगाचा आणि चामखिळीचा एका ओळीत उल्लेख घाला. अर्धविरामसारखी मुलं मग बाहेर बसणार नाहीत.

साधा_माणूस

माझी एक सूचना. लस घेतल्यावर रात्री-अपरात्री मुलीला काही त्रास झाला तर फोन कोणाला करायचा, हे त्या पत्रकावर ठळक हवं. नुसतं ‘डॉक्टरांशी संपर्क साधा’ नको, माणसाचं नाव आणि नंबर हवा. तेवढं असेल तर मी थोरलीला म्हणेन, वाच आणि तू ठरव.

निशिगंध

बरोबर आहे तुमचं. शिबिराच्या डॉक्टरांचा आणि जवळच्या चोवीस तास चालू असलेल्या दवाखान्याचा, असे दोन नंबर घाला. त्याशिवाय औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करायला केंद्र सरकारची टोल फ्री सोय आहे, १८००-१८०-३०२४. लसीनंतरच्या त्रासाची नोंदही तिथे कोणालाही करता येते, डॉक्टरच हवा असं नाही. तीही पत्रकावर छापा.

रानजाई

तिन्ही दुरुस्त्या केल्या. शिबिराच्या डॉक्टर स्वतःचा मोबाइल नंबर द्यायला तयार आहेत. पत्रक सोमवारी छपाईला जातंय. ज्यांना आपल्या कॉलेजसाठी हवं असेल त्यांनी व्यक्तिगत निरोप पाठवा, फाइल पाठवते. नंबर तेवढे आपापल्या गावचे घाला.